"ते आता नाहीयेत": तीन कॉल, एक तक्रार आणि नावाने हाक मारायचा घोळ

(माणसांची नावं बदललीयत, गावाचे आणि मशीनचे तपशीलही थोडे इकडचे तिकडे केलेत.)

पार्श्वभूमी

पाण्याचे घरगुती फिल्टर विकणाऱ्या आणि त्यांची सर्व्हिस बघणाऱ्या पुण्यातल्या एका डीलरच्या कॉल डेस्कवर मी चार वर्षं क्वालिटी बघायचे. म्हणजे दिवसभर कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांचे कॉल ऐकायचे आणि मार्क द्यायचे. अकरा सीट, बहुतेक पोरीच, बी.कॉम. नुकतं झालेल्या किंवा शेवटच्या वर्षाला असलेल्या. कंप्लेंट घ्यायची, टेक्निशियन पाठवायचा आणि एएमसी, म्हणजे मशीनच्या देखभालीचा वर्षाचा करार, संपत आली की रिन्युअलसाठी फोन करायचा, एवढंच काम. ग्राहक पुण्याचे, साताऱ्याचे, सांगली-कोल्हापूरकडचे.

स्क्रिप्ट कंपनीच्या हेड ऑफिसकडून यायची. मूळ इंग्रजी, तिची हिंदी केलेली आणि हिंदीवरून कोणीतरी मराठी केलेली, त्यामुळे "मी आपली काय सहाय्यता करू शकते" असलं वाक्य आमच्या पोरी दिवसभर म्हणायच्या आणि पलीकडून आजोबा विचारायचे, "काय म्हणाला?" आपल्याकडे माणूस फोनवर "बोला" म्हणतो, संपला विषय. पण "बोला"ला मार्क नव्हते.

सगळ्यात कडक नियम नावाचा. एका कॉलमध्ये ग्राहकाचं नाव कमीत कमी तीनदा घ्यायचं, नाही घेतलं की १० मार्क गेले. नावाने आपुलकी वाटते असं आम्हाला ट्रेनिंगला सांगितलेलं, तेच मी पुढे पोरींना शिकवायचे आणि ते १० मार्क कापायचेही मीच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझा हात होता.

काय घडलं

पेठेतलं एक घर. मशीन सहा वर्षांपूर्वी घेतलेलं, काकांच्या नावावर. काका मोबाईल वापरायचे नाहीत म्हणून नंबर काकूंचा दिलेला. काका चैत्रात वारले. आषाढात एएमसी संपत आली आणि आमचा डायलर, म्हणजे यादीतले नंबर आपोआप लावणारं सॉफ्टवेअर, कामाला लागला.

पहिला कॉल आमच्यातल्या जुन्या एजंटने केला. रेकॉर्डिंग मी नंतर इतक्यांदा ऐकलं की पाठ झालंय.

"नमस्कार, श्रीधरजींशी बोलायचं होतं."

"ते आता नाहीयेत हो."

"बरं, मग किती वाजता येतील?"

इथे चार सेकंद काहीच नाही. मागे कुकरची शिट्टी ऐकू येते.

"नाहीयेत ते."

"ओके मॅडम, मग मी संध्याकाळी करू का कॉल?"

फोन कट. एजंटने ड्रॉपडाऊनमध्ये "कॉल बॅक" टाकलं. तिचं काही चुकलं असं तिला वाटलंच नाही, आणि मला तरी कुठे वाटलं असतं, हा कॉल त्या आठवड्यात माझ्याकडे मार्कांसाठी आला असता तर मी नाव एकदाच घेतलं म्हणून मार्क कापले असते आणि पुढे गेले असते.

नऊ दिवसांनी दुसरा कॉल, दुसरी एजंट. या वेळी काकूंनी सरळ सांगितलं, "अगं ते वारले, चैत्रात." ही पोरगी चांगली होती, सॉरी म्हणाली, दोन मिनिटं थांबून ऐकलं, रिन्युअलचा विषयसुद्धा काढला नाही. कॉल संपल्यावर तिने ड्रॉपडाऊन उघडला. त्यात होतं: रिंगिंग, स्विच ऑफ, राँग नंबर, नॉट इंटरेस्टेड, कॉल बॅक. माणूस गेला याला ऑप्शनच नाही. मग तिने नाईलाजाने "नॉट इंटरेस्टेड" टाकलं आणि रिमार्कमध्ये लिहिलं, "कस्टमर एक्स्पायर्ड".

आता गंमत बघा, गंमत म्हणवत नाही पण दुसरा शब्द सुचत नाही. पुढच्या महिन्यात बॅक ऑफिसच्या पोराला सांगितलं की ज्यांच्या एएमसी संपल्यात त्यांची यादी काढ, डिस्काउंट देऊन परत ओढू. त्याने एक्सेलमध्ये "एक्स्पायर्ड" शब्दावर फिल्टर मारला. काका यादीत आले.

तिसरा कॉल. कामाला लागून पाच दिवस झालेली ट्रेनी. आमच्या डेटात नाव आडनावापासून लिहिलेलं, आणि स्क्रिप्टमधला नावाचा रकाना पहिला शब्द उचलायचा. तिच्या स्क्रीनवर आलं "जोशी".

"नमस्कार, जोशीजी बोलताय का?"

"हो." (काकूही जोशीच की.)

"तर जोशीजी, तुमची एएमसी एक्स्पायर झालीय, व्हेरिफिकेशनसाठी पूर्ण नाव सांगाल का?"

काकूंनी स्वतःचं नाव सांगितलं.

"नाही मॅडम, मशीन ज्यांच्या नावावर आहे त्यांचं. तुमच्या मिस्टरांचं नाव."

परत शांतता. पोरीच्या समोर टायमर पळतोय, तिला वाटलं ऐकू गेलं नाही.

"मिस्टरांचं नाव सांगा ना मॅडम, त्याशिवाय पुढे जाता येत नाही."

मग मागून पावलांचा आवाज, फोन मुलीच्या हातात, आणि पुढचं इथे लिहीत नाही. तासाभरात मालकांना मेल आला. चार परिच्छेद, एकही शिवी नाही, म्हणून जास्त लागला. शेवटी एकच मागणी, आईला परत फोन करू नका.

अडचण नेमकी कुठे होती

मालकांच्या मते अडचण ट्रेनीत होती. मी तिन्ही रेकॉर्डिंग ओळीने ऐकायला बसवलं तेव्हा त्यांचा आवाज जरा खाली आला.

पहिली गोष्ट भाषेची. "ते नाहीयेत" याचे मराठीत दोन अर्थ, बाहेर गेलेत किंवा या जगात नाहीत. वरचेवर फोन घेणाऱ्या माणसाला पहिलाच अर्थ सुचतो. मरणाबद्दल आपण सरळ बोलत नाही. "गेले", "देवाघरी गेले", "ऑफ झाले", "आता नाहीयेत", गावागणिक वेगळं. बावीस वर्षांच्या पोरीला "आता" या एका शब्दावरून ओळखता यावं ही अपेक्षा जास्तच आहे, पण शिकवता येण्यासारखं होतं आणि आम्ही ते शिकवलं नव्हतं. आम्ही शिकवत होतो नाव तीनदा घ्या.

दुसरी, रेकॉर्डमधलं नाव आणि फोनवरचा माणूस एकच असं आमची सिस्टीम धरून चालायची. आपल्याकडच्या घरात असं कुठे असतं? लाईट बिल अजून आजोबांच्या नावाने येतं, गॅसचं कार्ड सासऱ्यांच्या, मशीन मुलाने घेतलेलं, नंबर सुनेचा, आणि फोन उचलणार घरात असेल तो. नावांच्या क्रमाचंही तसंच. दहावी-बारावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर बहुतेकांचं स्वतःचं नाव आधी, त्यात लग्नानंतर कोणी नाव बदलतं कोणी नाही. आता तर १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचं नावही घातलंय, आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. ही पोरं मोठी होऊन फिल्टर घेतील तेव्हा "पहिला शब्द उचला" वाल्या सॉफ्टवेअरचं काय होईल देव जाणे.

तिसरी गोष्ट मला स्वतःला सगळ्यात उशिरा कळली. ती मी व्हेरिफिकेशनच्या जुन्या फेल कॉलमध्ये शोधली, तेव्हा एकाच प्रकारचे कॉल सापडायला लागले: बाई वयस्कर, मशीन नवऱ्याच्या नावावर, "नाव सांगा" म्हटल्यावर बाई गप्प, मग "थांबा हं, मुलाला देते" किंवा "तुमच्याकडे आहे की लिहिलेलं". आमच्या पोरी शेरा मारायच्या "कस्टमरला माहिती नाही". माहिती नसायला काय झालं? त्यांनी उभ्या आयुष्यात नवऱ्याचं नाव असं कोणासमोर घेतलेलं नसतं, "हे" नाहीतर "अहो". माझी आजी आजोबांचं नाव असलेल्या देवाचंसुद्धा नाव घ्यायची नाही, आणि तरी मला हे ऑफिसात बसून सुचलं नव्हतं.

चौथी म्हणजे हाक मारायची रीत. इंग्रजीत आपुलकी दाखवायला नाव घेतात, ठीक आहे. मराठीत मान क्रियापदात असतो. "आलात का", "बघता का जरा", "सांगाल का" एवढं नीट म्हटलं की नाव एकदाही न घेता माणसाला बरं वाटतं. उलट मोठ्या माणसाला तिऱ्हाइताने तीनदा नाव घेऊन हाक मारली की त्याला वाटतं हा मला काहीतरी विकतोय. आणि तो विकतच असतो.

कोणते पर्याय होते

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. मालक, टीम लीडर, मी. टेबलावर चार गोष्टी आल्या.

ट्रेनीला काढायचं आणि "संबंधित कर्मचाऱ्यावर कारवाई केली आहे" असं उत्तर पाठवायचं. सगळ्यात सोपं, आणि मालकांना तेच हवं होतं. मी म्हटलं तिने स्क्रिप्ट जशीच्या तशी वाचलीय, माझ्या शीटवर तिला त्या कॉलला नावाचे पूर्ण १० मार्क पडतात. हे मी चिडून बोलले पण तिथेच विषय वळला.

दुसरं, नाव काढूनच टाकायचं, सगळ्यांना सर आणि मॅडम. टीम लीडरला हे पसंत होतं. कोरडं आहे पण कोणी दुखावत नाही. फक्त आवाजावरून सर की मॅडम हे दर वेळी कळतं असं नाही, आणि एकदा चुकलं की माफी मागता मागता कॉल संपतो.

तिसरं, काका, काकू, ताई, दादा. यावर अर्धा तास गेला. पोरींना हे आवडायचं, तोंडात बसलेलं. पण फोनवर वय दिसत नाही, पस्तिशीच्या बाईला काकू म्हटलं की संपलं, आमच्याकडे तशी एक तक्रार आधीच होती. "ताई" बऱ्यापैकी चालतं, "दादा"ही. "जी" हिंदी आहे म्हणून काढा असं टीम लीडर म्हणाला तर आमची नागपूरकडची एजंट हसली, म्हणाली आमच्याकडे "हो जी" घरातच बोलतात, ते काय हिंदी नाही. बरोबर होतं तिचं. म्हणजे एक नियम करून साताऱ्याला आणि नागपूरला तोच लावायचा हा हट्टच मुळात चुकीचा.

चौथं, समोरच्यालाच विचारायचं. हे कागदावर छान वाटतं. "मी तुम्हाला कोणत्या नावाने संबोधू?" असं फिल्टरची कँडल बदलायला फोन केलेल्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल बाई तू आधी माणूस पाठव.

शिवाय एक जुना अनुभव सगळ्यांच्या डोक्यात होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्य सरकारने जीआर काढला होता की सरकारी कार्यालयात फोनवर "हॅलो"ऐवजी "वंदे मातरम्" म्हणावं. तेव्हा ऑफिसात चर्चा रंगली होती की आपणही सुरुवात बदलायची का, आणि चार दिवस आम्ही पहिल्या शब्दावरच वाद घातला. कॉलच्या बाकीच्या तीन मिनिटांकडे कोणी बघितलं नाही. या वेळी मी म्हटलं पहिला शब्द राहू दे, पहिली वीस सेकंद बघू.

काय केलं

आधी फोन. कोणी करायचा? मालक म्हणाले मेलला मेलने उत्तर दे. मला वाटलं फोनवरची चूक आहे, फोनवरच माफी मागावी, पण आईला फोन करू नका असं स्पष्ट लिहिलेलं. म्हणून मुलीच्या नंबरवर केला, माझ्या मोबाईलवरून, कारण ऑफिसचा नंबर तिने ब्लॉक केला असणार. आधी माझं नाव, कुठून बोलतेय ते, आणि मग "आत्ता बोललं तर चालेल का?" तिचं नाव घेतलं नाही. ती अकरा मिनिटं बोलली, मी मध्ये फक्त "हो" म्हटलं. त्यातलं एक राहिलंय डोक्यात: आईने बाबांचं नाव आयुष्यात फक्त उखाण्यात घेतलंय, आणि तुमची मुलगी म्हणते त्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मग स्क्रिप्ट. तीनदा नाव हा नियम काढला. आमच्याकडून जाणाऱ्या कॉलला आधी एजंटने स्वतःचं नाव आणि कुठून ते सांगायचं. हल्ली अनोळखी नंबरवरून कोणी आपलं पूर्ण नाव घेतलं की आनंद नाही होत, पोटात गोळा येतो, केवायसीवाले की डिजिटल अरेस्टवाले. लोक १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावायच्या तयारीत असतात. आपण फोन करायचा आणि आपणच समोरच्याला "तुम्ही कोण ते सिद्ध करा" म्हणायचं हे उफराटंच होतं. म्हणून ओळख आता आम्ही पटवायची: "तुमच्याकडे स्वयंपाकघरात आमचं मशीन आहे, मार्चमध्ये मेंब्रेन बदललेलं, त्याबद्दल बोलायचं होतं. तुमच्याशी बोलू का घरात दुसरं कोणी बघतं?" यात कोणाचंच नाव नाही, आणि फोन कोणीही उचलला तरी चालतं.

नाव एकदाच, टेक्निशियनची वेळ ठरल्यावर, तेही "पावती कोणाच्या नावाने करू?" असं. हा प्रश्न आमच्या नागपूरच्या पोरीने सुचवला आणि माझ्या मते सगळ्यात चांगली सुधारणा तीच. बाईला नवऱ्याचं नाव घ्यायचं नसेल तर ती म्हणते "आहे त्याच नावाने", नाव बदलायचं असेल तर आपसूक सांगते.

ड्रॉपडाऊनमध्ये नवीन ऑप्शन टाकला. "मयत" लिहायचं का यावर थोडं झालं, शेवटी "नाव बदलायचे – फोन नको" असं ठेवलं. रिमार्कमध्ये "एक्स्पायर्ड" शब्द फक्त एएमसीसाठी.

आणि "ते नाहीयेत" ऐकलं की काय करायचं याची प्रॅक्टिस घेतली. "कधी येतील" विचारायचं नाही. "बरं" म्हणायचं आणि दोन सेकंद थांबायचं. माणूस बाहेर गेला असेल तर समोरचा लगेच म्हणतो "सातला येतील". गेलाच असेल तर तो काही बोलत नाही, किंवा सांगतो. पोरींना हे दोन सेकंद फार जड गेले. कॉल सेंटरमध्ये शांतता म्हणजे चूक असंच शिकवलेलं असतं.

पुढे काय झालं

पुढच्या सहा महिन्यांत नावावरून लेखी तक्रार आली नाही. पण सगळं छान झालं असं नाही. कॉल लांबले, त्यावरून हेड ऑफिसने दोनदा झापलं. नाव घ्यायची सवय गेल्यावर उलटा घोळ झाला, एका सोसायटीत दोन पाटील, टेक्निशियन दुसऱ्याच पाटलांकडे जाऊन चहा पिऊन आला, मशीन उघडल्यावर कळलं. मग फ्लॅट नंबर विचारणं सक्तीचं केलं, जे आधीपासून असायला हवं होतं.

जुन्या दोन एजंट शेवटपर्यंत "काकू" म्हणत राहिल्या आणि खरं सांगायचं तर त्यांच्या तोंडी ते शोभायचं. मी मार्क कापणं सोडून दिलं.

ट्रेनी राहिली, पण ते रेकॉर्डिंग तिने ऐकायला नकार दिला. मी जबरदस्ती केली नाही. तीन महिन्यांनी तिला दुसरीकडे नोकरी लागली.

परत करायचं झालं तर

पहिल्या कॉलनंतरच थांबता आलं असतं. चार सेकंदांची शांतता रेकॉर्डिंगमध्ये होती, ती ऐकणं हेच माझं काम होतं, पण माझ्या शीटवर शांततेला रकाना फक्त "डेड एअर" या नावाचा, आणि तिथे मार्क कापायचे असतात, विचार करायचा नसतो.

दुसऱ्या कॉलच्या एजंटला मी शाबासकी द्यायला हवी होती, ती राहूनच गेली. तिने स्क्रिप्ट मोडून रिन्युअलचा विषय टाळला होता, आमच्या नियमाने तिचे मार्क गेले असते. तिने कॉल संपल्यावर उठून टीम लीडरला तोंडी सांगितलं असतं तरी भागलं असतं, पण उठून जायचं तर ब्रेक टाकावा लागतो आणि ब्रेक दिवसाला दोनच.

मुलीला फोन करण्याबद्दल मला अजून खात्री नाही. तिला बोलून मोकळं वाटलं का फक्त मलाच, कोण जाणे. एक साधं पत्र काकूंच्या नावाने, त्यांच्याच, पोस्टाने पाठवलं असतं तर कदाचित बरं झालं असतं.

एएमसी त्यांनी परत घेतली नाही. मशीन काकूंच्या नावावर करून देतो म्हटलं तर त्या फॉर्मला मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स लागते, ती मागायचं धाडस आमच्यात कोणाला झालं नाही. दिवाळीच्या आधी मुलीचा मेसेज आला की मशीन काढून न्या. टेक्निशियन गेला, भिंतीवरची दोन भोकं व्हाईट सिमेंटने बुजवून आला. सिस्टीममध्ये खातं बंद करताना कारण निवडावं लागतं, ती यादी हेड ऑफिसची, आम्हाला बदलता येत नाही. बराच वेळ वरखाली करून मी "ग्राहक स्थलांतरित" निवडलं.